विद्यापीठातील छळ आणि त्याचे निवारण: एक पूर्वपीठिका

आमच्या महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीत जिन्यापाशी एक फलक लावलेला आहे. त्यावर आठ-नऊ नावे, त्यांपुढे दूरध्वनीचे क्रमांक आणि वर ठळक अक्षरांत ‘अंतर्गत तक्रार समिती’ असा मथळा आहे. महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत असा फलक आढळतो. आणि कायद्याने दिलेले नाव बाजूस ठेवून विद्यार्थी, कारकून व शिपाई सारेच ह्या मंडळास ‘विशाखा समिती’ म्हणून ओळखतात. मागील सत्रात पदवीच्या पहिल्या वर्षातील एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘सर, ही विशाखा कोण होती? तिचं काय झालं?’ प्रश्न सरळ होता आणि उत्तरही एका वाक्यात देता येण्याजोगे होते. विशाखा नावाच्या कोणा स्त्रीवर अत्याचार झालेला नव्हता; ते जयपूर येथील स्त्रियांच्या एका संस्थेचे नाव होय. ते सांगून मी वर्गाबाहेर पडलो खरा. पण राजस्थानातील एका खेड्यात घडलेला अत्याचार आणि आमच्या जिन्यापाशी टांगलेला फलक ह्यांस जोडणारा धागा आपण त्या मुलीस दाखविलाच नाही, ही रुखरुख मनात राहिली. तो धागा बराच लांबचा आहे, आणि त्याचे एक टोक तर पार १८६९ सालच्या फिलाडेल्फिया शहरात जाऊन पोहोचते.

ह्या विषयावर बोलणे निघाले म्हणजे आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. एक असे की, सहशिक्षण आले आणि त्याच्या पावलांनी हे दुखणे आले. दुसरे असे की, दुखणे जगाच्या आरंभापासूनचे आहे, परंतु त्याचा बोभाटा करण्याची रीत तेवढी पाश्चात्त्यांकडून आली. पहिल्या मताचा गृहस्थ मुलींना जपण्याचा उपाय सुचवितो, दुसऱ्या मताचा गृहस्थ मौनाचा. दोन्ही उपाय करून झालेले आहेत. त्यांचे काय झाले, हे जुन्या हकिकतींवरूनच पाहावे हे बरे.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झाले. मराठी वाचकांस ते अपरिचित नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये तेथेच दाखल झाल्या आणि १८८६ च्या मार्च महिन्यात तेथूनच वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. आनंदीबाई तेथे जाण्याच्या चौदा वर्षे आधी, ६ नोव्हेंबर १८६९ रोजी, ह्या महाविद्यालयाच्या सुमारे तीस विद्यार्थिनी रीतसर परवानगी घेऊन पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात रुग्णांसमक्ष होणारे व्याख्यान ऐकावयास गेल्या. शहरातील पुरुषांच्या वैद्यकीय विद्यालयांतील विद्यार्थी तेथे शेकड्यांनी जमलेले होते. त्यांनी शिट्या मारल्या, हुर्यो केली, कागदाचे बोळे आणि चघळलेल्या तंबाखूचे गोळे ह्या मुलींवर फेकले, त्यांच्या वस्त्रांवर पिंका टाकल्या, आणि व्याख्यान संपल्यावर रस्त्यापर्यंत त्यांचा पिच्छा पुरविला. हे सारे उद्याचे वैद्य होते, आणि त्यांचे गुरुजन तेथे हजर होते.

पुढे जे घडले ते ह्या दंग्याहूनही बोलके आहे. शहरातील नामांकित वैद्यांनी व प्राध्यापकांनी एकत्र येऊन एक निषेधपत्र काढले. परंतु तो निषेध दंगेखोर विद्यार्थ्यांचा नव्हता. स्त्रिया व पुरुष ह्यांस एकत्र बसवून रुग्णचिकित्सा शिकविणे अनुचित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे थुंकणारांस कोणी काही बोलले नाही, आणि जिच्या वस्त्रावर पिंक पडली तिने तेथे असावे की नाही ह्याची मात्र चर्चा सुरू झाली. स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री अ‍ॅन प्रेस्टन ह्यांनी वृत्तपत्रातून त्यास उत्तर दिले. पण वादाची जागा एकदा बदलली म्हणजे उत्तर कितीही चोख असले तरी ते दुसऱ्याने नेमून दिलेल्या पटावरच द्यावे लागते.

एका वर्षाने एडिंबरोत हाच प्रकार अधिक उघडपणे घडला. सोफिया जेक्स-ब्लेक व त्यांच्या सहा सहकारिणी ह्यांना तेथील विद्यापीठाने १८६९ पासून वैद्यक शिकण्यास प्रवेश दिला होता. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेसाठी ह्या स्त्रिया सर्जन्स हॉलकडे निघाल्या, तो दीड-दोनशे जणांच्या जमावाने रस्ता अडविलेला. चिखल व घाण अंगावर आली. आणि त्या दाराशी पोहोचतात न पोहोचतात तोच फाटक त्यांच्या तोंडावर लोटले गेले. आतील काही सज्जन विद्यार्थ्यांनी ते उघडून त्यांस आत घेतले. परीक्षा चालू असता दंगेखोरांनी आवारातील एक पाळीव मेंढी खोलीत ढकलून दिली. तेथील अध्यापक डॉ. हॅंडीसाइड ह्यांनी ती तेथेच राहू द्यावी असे सांगितले. तिला पाठविणारांपेक्षा तिला अक्कल अधिक आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. ही मेंढीची गोष्ट इंग्रजी पुस्तकांतून मोठ्या चवीने सांगतात. परंतु मला त्या प्रकरणातील दुसरीच एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती फारशी सांगितली जात नाही.

ह्या दंगलीत एका प्राध्यापकाच्या सहाय्यकाचा पुढाकार होता, असे जेक्स-ब्लेक एका जाहीर सभेत बोलल्या. त्या सहाय्यकाने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. खटला १८७१ मध्ये चालला. ज्यूरीने वादीस नुकसानभरपाई दिली ती एक फार्दिंग. आपल्याकडे दमडी म्हणावी तशातला प्रकार. एवढ्यावरून ज्यूरीच्या मते त्या गृहस्थाची अब्रू कितपत गेली असावी हे उघड आहे. परंतु दाव्याचा खर्च बसला तो प्रतिवादिनीवर, आणि तो नऊशे पौंडांच्याही वर गेला. मित्रमंडळींनी वर्गणी जमवून तो भरला. तक्रार करणारीस न्यायालयात हरविण्याची गरज नसते, तिला खर्चात पाडले म्हणजे काम भागते, ही युक्ती आजच्या काळात निघाली असा ज्यांचा समज आहे त्यांनी ही हकिकत अवश्य पाहावी. १८७३ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने विद्यापीठास स्त्रियांना पदवी देता येत नाही असे ठरविले, आणि ह्या सात जणींस एडिंबरोची पदवी न घेताच निघावे लागले. जेक्स-ब्लेक ह्यांनी १८७४ मध्ये लंडन येथे स्त्रियांसाठी वैद्यकाचे विद्यालय काढण्यात पुढाकार घेतला. आपल्या रखमाबाई पुढे ह्याच विद्यालयात शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. एडिंबरो विद्यापीठाने त्या सात जणींस पदव्या दिल्या त्या २०१९ मध्ये, म्हणजे त्यांपैकी एकही हयात नसताना.

आपल्याकडे पाहावे तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया सोराबजी १८८० नंतरच्या दशकात शिकत होत्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. व्याख्यानाच्या खोलीत त्या शिरू लागल्या की, सहाध्यायी विद्यार्थी दार त्यांच्या तोंडावर लोटीत. एडिंबरोचे फाटक आणि पुण्याचे दार ह्यांत फरक शोधू लागल्यास चिखलाखेरीज फारसा सापडत नाही. ह्या प्रसंगांना आपण आज ज्यास लैंगिक छळ म्हणतो त्याच्या व्याख्येत नेमके बसवावे की नाही, ह्याविषयी मतभेद होऊ शकेल. त्यांत लगटीपेक्षा हाकलण्याचा हेतू अधिक दिसतो, असे कोणी म्हणेल. परंतु लगटीचेही फळ शेवटी हाकलण्यातच होते, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. मुलगी वर्ग सोडते, विषय सोडते, कित्येकदा गाव सोडते.

एकोणिसाव्या शतकाचा उपाय हा असा, स्त्रियांना बाजूस काढण्याचा होता. त्यातून स्वतंत्र विद्यालये निघाली, व त्यांनी मोठे कार्य केले हे कोणीही नाकारणार नाही. परंतु सहशिक्षणाच्या संस्थांत त्याच उपायाची दुसरी आवृत्ती चालू राहिली. मुलींची निराळी खोली, मुलींचे पुढचे बाक, मुलींच्या वसतिगृहाचे दार सायंकाळी सातला बंद. मी विद्यार्थी होतो तेव्हा, म्हणजे गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस, आमच्या महाविद्यालयात ‘लेडीज रूम’ होती, आणि दोन तासांच्या मधल्या वेळात मुली तेथे जाऊन बसत. आम्हांस ती त्यांची सोय वाटे. ती त्यांची कोंडी असू शकेल हे कोणाच्या मनातही आले नाही.

आता शब्दांकडे वळू. कारण ह्या प्रकरणात शब्दांनी जेवढे झाकले तेवढे भिंतींनीही झाकले नसेल. १८६० च्या दंडसंहितेच्या ३५४ व्या कलमात जो अपराध सांगितला होता त्यास मराठीत ‘विनयभंग’ म्हणतात. भंग पावतो तो विनय. स्त्री कोठे आहे हे शब्दावरून कळत नाही. लोकांच्या तोंडी होता तो शब्द ‘छेडछाड’. छेडणे हे क्रियापद आपण वीणेच्या तारेसही लावतो, आणि त्या शब्दातली ती गमतीची, रंगेलपणाची छटा काही केल्या जात नाही. हिंदुस्थानातील इंग्रजी वृत्तपत्रांनी तर बायबलातील आदिमातेच्या नावावरून ‘ईव्ह-टीझिंग’ असा शब्दच घडविला. तामिळनाडूने १९९८ मध्ये, चेन्नईतील एका विद्यार्थिनीचा अशा ‘छेडछाडीत’ बळी गेल्यावर, कायदा केला तोही ह्याच नावाने. ते नाव बदलून तेथे ‘छळ’ हा अर्थ येण्यास २००२ साल उजाडले. आपला ‘छळ’ हा शब्द ह्या दृष्टीने मोठा अन्वर्थक आहे. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट, आणि न्यायशास्त्रात प्रतिपक्ष्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ करणे ह्यास छल म्हणतात. मराठीत छळ म्हणजे पीडा. विद्यापीठात ज्या प्रकाराविषयी आपण बोलत आहो त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मुलगी शंका विचारण्यास जाते, तिच्या येण्याचा भलता अर्थ केला जातो, आणि पुढे ती पीडा होते.

इंग्रजीतील तोलाचा शब्द जन्मला तो मात्र विद्यापीठाच्या आवारातच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत कारमिटा वुड नावाची स्त्री कारकुनीचे काम करीत असे. तेथील एका शास्त्रज्ञाच्या अंगचटीला कंटाळून तिने १९७४ मध्ये नोकरी सोडली आणि बेकारीच्या भत्त्यासाठी अर्ज केला. नोकरी का सोडली, ह्या रकान्यात काय लिहावे? जे घडले त्यास नावच नव्हते. नोकरी खाजगी कारणासाठी सोडली असे ठरवून अर्ज नामंजूर झाला. त्याच विद्यापीठात लिन फार्ली ह्या ‘स्त्रिया आणि श्रम’ ह्या विषयाचा वर्ग घेत. वर्गातील मुलींनी आपापले अनुभव सांगितले तेव्हा जवळजवळ प्रत्येकीच्या सांगण्यात हीच कथा निघाली, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ह्या स्त्रिया एकत्र बसल्या. धमकी, बळजोरी, पिळवणूक असे निरनिराळे शब्द त्यांनी तोलून पाहिले, आणि ज्यात उघड बळजोरीपासून सूचक कटाक्षापर्यंत सारे मावेल असा शब्द निवडला. तोच ‘सेक्शुअल हरॅसमेंट’, आपला लैंगिक छळ. ४ मे १९७५ रोजी इथाका गावात भरलेल्या सभेस अडीचशेहून अधिक स्त्रिया जमल्या. वुडबाईंचा भत्त्याचा अर्ज अपिलातही फेटाळला गेला, ही गोष्टही येथे नमूद करून ठेवावी लागेल.

शब्दास कायद्याचे बळ मिळावयास आणखी दोन वर्षे लागली. शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेद करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झालेला होता. येल विद्यापीठातील काही विद्यार्थिनींनी १९७७ मध्ये त्याच्या आधारे दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, अध्यापकाच्या इच्छेस मान तुकविण्यावर जर विद्यार्थिनीचे गुण अवलंबू लागले तर तो खाजगी व्यवहार नव्हे. तिच्या शिक्षणाच्या हक्कात तो भेदभाव होय, आणि त्याची जबाबदारी विद्यापीठावर येते. त्यांनी पैसा मागितला नाही; तक्रार कोठे करावी ह्याची एक ठरीव रीत विद्यापीठाने घालून द्यावी, हे त्यांचे मुख्य मागणे होते. पामेला प्राइस ह्या एकाच विद्यार्थिनीचा दावा पुराव्यापर्यंत पोहोचला, आणि १९७९ मध्ये तो प्रसंग घडल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून फेटाळला गेला. १९८० मध्ये अपीलही गेले. परंतु गुणांच्या बदल्यात शरीरसुख मागणे हा शिक्षणातील भेदभावच होय, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले होते; आणि दावा चालू असतानाच विद्यापीठाने तक्रारनिवारणाची रीत घालून दिली. इतर विद्यापीठांनी तिचे अनुकरण केले. दावा हरला आणि मागणे मिळाले, अशी उदाहरणे कायद्याच्या इतिहासात फार नाहीत.

ह्याच सुमारास आपल्या देशात एक पत्र गाजले. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांस सोडून दिले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ह्या दिल्ली व पुणे येथील चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. त्या पत्रातून चळवळ उभी राहिली व १९८३ मध्ये कायदा बदलला. विद्यापीठातील माणसे देशाच्या सर्वोच्च न्यायासनास जाब विचारू शकतात, हे त्या पत्राने दाखविले. स्वतःच्या आवारात मात्र विद्यापीठे आणखी बराच काळ गप्प होती. १९९६ मध्ये दिल्ली विद्यापीठातील एका अभ्यासगटाने तेथील लैंगिक छळाविषयी अहवाल प्रसिद्ध केला, तोपर्यंत ह्या गोष्टीचा उल्लेख कुजबुजीच्या वर जात नसे.

कुजबुज म्हणजे काय हे मला चांगले ठाऊक आहे. त्याच सुमारास मी एका महाविद्यालयात नुकताच अधिव्याख्याता म्हणून लागलो होतो. पदव्युत्तर वर्गातील एक हुशार मुलगी माझ्याकडे आली. तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक आमच्या विभागातील एक ज्येष्ठ अध्यापक होते. ती बराच वेळ आडून आडून बोलत राहिली. दार लावून घेतात, घरी कोणी नसताना टिपणे आणावयास बोलावतात, नाही म्हटले तर प्रकरणे तपासून देत नाहीत. मला सारे समजले. समजल्यावर मी जे उत्तर दिले ते आज लिहितानाही संकोच वाटतो. मी म्हणालो, ‘तू मार्गदर्शक बदलून घे. विषयही थोडा बदल, म्हणजे कारण विचारणार नाहीत.’ त्या वेळी मला हा सल्ला शहाणपणाचा वाटला होता. किंबहुना आपण तिच्या बाजूने उभे राहिलो असे समाधानही वाटले. मी माझ्या ज्येष्ठास काही बोललो नाही, प्राचार्यांस काही बोललो नाही. मार्गदर्शक बदलण्याच्या अर्जावर विभागप्रमुखांची सही लागते, आणि विभागप्रमुख तेच गृहस्थ होते, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी सुचले नाही, अथवा सुचू दिले नाही. दुसऱ्या सत्रात ती मुलगी आली नाही. फिलाडेल्फियाच्या प्राध्यापकांनी काढलेल्या निषेधपत्राची हकिकत मी पुष्कळ वर्षांनी वाचली, तेव्हा त्यांची बाजू मला अपरिचित वाटली नाही.

१३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ खटल्याचा निकाल लागला. त्याच्या मुळाशी भंवरीदेवी. राजस्थान सरकारच्या स्त्रीविकासाच्या कार्यक्रमात त्या ‘साथिन’ म्हणून काम करीत. बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न त्यांनी सरकारचे काम म्हणून केला, आणि त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ मध्ये आरोपी त्या गुन्ह्यातून सुटले. विशाखा व इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या निराळाच प्रश्न घेऊन: काम करताना स्त्रीवर जी आपत्ती ओढवते तिची जबाबदारी काम देणारावर आहे की नाही? न्यायमूर्ती वर्मा, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती म्हणून ज्यांची ख्याती आहे त्या सुजाता मनोहर, आणि न्यायमूर्ती किरपाल ह्यांनी ती आहे असे ठरविले. आणि कायदा होईपर्यंत पाळावयाचे नियम स्वतःच घालून दिले. हे नियम केवळ कचेऱ्या व कारखाने ह्यांपुरते नसून इतर संस्थांसही लागू होते, आणि त्या दारातून ते विद्यापीठात आले. संस्थेने समिती नेमावी, तिची प्रमुख स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया तीत नसाव्यात, बाहेरची एक जाणकार व्यक्ती असावी. शतकाहून अधिक काळ ‘मुलीने काय करावे’ असा विचारला गेलेला प्रश्न आता ‘संस्थेने काय केले’ असा विचारता येऊ लागला.

विचारता येऊ लागला, एवढेच. उत्तर मिळेनासे झाले. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेतील मेधा कोतवाल लेले ह्यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहून, नियम कागदावरच आहेत असे अनेक प्रकरणांच्या दाखल्यांनिशी कळविले. त्या पत्राचीच याचिका झाली. २००४ मध्ये न्यायालयाने असा हुकूम केला की, समितीचा अहवाल हाच खातेनिहाय चौकशीचा अहवाल समजावा. त्यापूर्वी समितीने दोषी ठरविल्यावर पुनः पहिल्यापासून चौकशी होई आणि तक्रारदार स्त्रीस तीच कहाणी नव्या माणसांपुढे पुनः सांगावी लागे. ह्या याचिकेचा शेवटचा निकाल ऑक्टोबर २०१२ मध्ये लागला. त्यानंतर दोनच महिन्यांनी दिल्लीत जे भयंकर कृत्य घडले त्याने देश हादरला. २०१३ मध्ये कायदा झाला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांसाठी केलेले स्वतंत्र नियम २०१६ च्या मे महिन्यात राजपत्रात प्रसिद्ध झाले.

ह्या नियमांतील दोन गोष्टी मला मार्मिक वाटतात. विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तेव्हा समितीत तीन विद्यार्थी असावेत आणि ते निवडून आलेले असावेत. तसेच कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख असे अधिकारपदस्थ समितीत नसावेत. ज्याच्या सहीवाचून विद्यार्थिनीचे पान हालत नाही त्याच्याच समोर तिला तक्रार मांडावयास लावू नये, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या अर्जाचे काय झाले असेल ते आठवून वाचले म्हणजे त्याची किंमत कळते. दुसरी गोष्ट वसतिगृहांविषयीची. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहांस मुलांहून निराळे जाचक नियम लावू नयेत, असे आयोगाच्या ‘सक्षम’ समितीने २०१३ मध्ये म्हटले आणि नियमांतही ते आले. दिल्लीच्या विद्यार्थिनींनी २०१५ मध्ये ‘पिंजरा तोड’ म्हणत जी चळवळ केली ती ह्याच गोष्टीसाठी होती. तरीही सायंकाळी दार लावून घेण्याची चाल पुष्कळ ठिकाणी अद्याप आहे, आणि ती मोडावी असे सुचविल्यास प्रथम आक्षेप घेतात ते मुलींचे वडील. त्यांना दोष देता येत नाही. संस्थेवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून कुलुपावर आहे.

विश्वास हाच ह्या साऱ्या यंत्रणेचा प्राण होय, आणि तो कसा जातो ह्याचे उदाहरण दिल्लीतच आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विशाखा निकालानंतर १९९९ मध्ये एक समिती स्थापन झाली. विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी ह्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी तीत असत. ती नुसत्या चौकशा न करता वर्षभर सभा, नाटके, चर्चा ह्यांतून आवारात जागृतीही करी. देशातील इतर विद्यापीठे तिच्याकडे नमुना म्हणून पाहत. सप्टेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या कार्यकारिणीने ती रद्द करून नेमणुकीची समिती आणली. पुढच्याच महिन्यात समाजमाध्यमांवर नामवंत अध्यापकांच्या नावांची एक यादी फिरू लागली. आरोप काय, केव्हाचा, कोणाचा, ह्याचा तीत पत्ता नव्हता. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध होता असे मी म्हणत नाही. परंतु त्या यादीवर जो वाद झाला त्यात ज्येष्ठ स्त्रीवादी विदुषींनी रीतसर चौकशीचा आग्रह धरला, तेव्हा तरुण मुलींनी त्यांना विचारले की, ती रीत आम्हांस कोठे पाहावयास मिळाली? तो प्रश्न उद्धट होता असे माझ्या पिढीतील अनेकांस वाटले. मला तो वाटला नाही. निनावी यादी हा न्याय नव्हे, हे मी मानतो. पण ज्या घराचे पुढचे दार उघडत नाही तेथे लोक खिडकीवर दगड मारतात.

रीतसर चौकशी म्हणजे काय, ह्याचा धडा गोव्याने दिला. गोवा विद्यापीठातील एका अध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने घाईने चौकशी उरकली, अध्यापकास आपली बाजू मांडण्यास पुरती संधी दिली नाही, आणि विद्यापीठाने त्यास काढून टाकले. उच्च न्यायालयात हा निर्णय टिकला. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला, आणि प्रकरण पुनः समितीकडे पाठविले. चौदा वर्षांनी सारे पहिल्या पायरीवर आले. तक्रार खरी की खोटी ह्याविषयी मी काहीच म्हणू शकत नाही, न्यायालयानेही त्या वेळी म्हटले नाही. पण खरी असेल तर त्या विद्यार्थिनींवर अन्याय झाला आणि खोटी असेल तर त्या अध्यापकावर. दोन्ही बाजूंनी अन्याय केला तो घाईने. आरोपीची बाजू ऐकणे म्हणजे त्यास पाठीशी घालणे, असा एक समज समित्यांतील कळकळीच्या माणसांत आढळतो. वस्तुतः आरोपीस दिलेली प्रत्येक प्रत आणि प्रत्येक मुदत ही तक्रारदार मुलीच्याच निकालाचा पाया भक्कम करीत असते. त्याच निकालात न्यायालयाने देशभर अशा समित्या खरोखर नेमल्या आहेत की नाहीत ह्याची तपासणी करण्याचे हुकूमही दिले. कायदा होऊन दहा वर्षे झाल्यावर हा हुकूम द्यावा लागला.

हे लिहिण्यास बसण्यापूर्वी जिन्यापाशी जाऊन मी तो फलक नीट वाचला. अध्यक्षा म्हणून ज्यांचे नाव आहे त्या प्राध्यापिका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. बाहेरच्या सदस्यांपुढील क्रमांकावर मी दूरध्वनी केला, तो बंद निघाला. विद्यार्थी प्रतिनिधींच्या तीन जागांपुढे रेघा आहेत. कार्यालयात चौकशी केली असता लेखनिक म्हणाले की, समिती नवी झालेली आहे, कागद तयार आहेत, फलक रंगवावयाचा राहिला आहे. आणि आजवर एकही तक्रार आलेली नसल्याने घाई नव्हती. मी त्यांच्याकडून नव्या नावांचा कागद मागून घेतला व तोवर जुन्या फलकावर चिकटविला. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या वर्षाची मुलगी तेथे उभी राहून त्यावरील एक क्रमांक उतरून घेताना दिसली. मी तिला काही विचारले नाही, आणि दुसऱ्या जिन्याने वर गेलो.